तिकिटाची हद्द

मसूरचा स्टेशनमास्तर चांगला माणूस होता की वाईट?

आमच्या वाचनमंडळात हा प्रश्न निघाला आणि दोन बैठका खाऊन गेला. पोरं हमरीतुमरीवर आली. एका मुलीचं म्हणणं, त्यानं शेवटी गाडी मिळवून दिली ना? मग झालं की. दुसरा उसळून म्हणाला, जातीचं नाव ऐकल्यावर ज्याचं तोंड फिरलं त्याला चांगला म्हणायची आपल्याला काय गरज पडलीय? दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, लिहून देतो. माझा बाप रेल्वेत गँगमन होता. माझं लहानपण रुळाच्या कडेला गेलं. तेव्हा स्टेशनमास्तर या इसमाबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

प्रसंग आपल्याला पाठ आहे. तरी नव्यांसाठी थोडक्यात सांगतो, कारण पाठ असलेली गोष्ट माणूस नीट वाचत नाही.

साल १९०१. सुभेदार रामजी खटाव तालुक्यात खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळात माणसं मरत होती, त्यांच्या हाताला काम म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला काढला होता. पोरं सातारला आत्याजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी बोलावलं तशी पोरं हरखली. नवे कपडे झाले, नव्या टोप्या, नवे बूट. दहा मैलांवरच्या स्टेशनापर्यंत टांगा, तिथून आगगाडी, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला मसूर. न्यायला कोणी आलेलं नाही. पत्र गेलं होतं, पण ते रामजींच्या हाती पडलंच नव्हतं. बाकीचे उतारू पांगले. फलाटावर ही पोरं आणि त्यांचं सामान. मास्तर आला, तिकिटं बघितली, पोरं बघितली. कपडे चांगले, बोलणं चांगलं. त्याला वाटलं, बामणाची लेकरं. कळवळला बिचारा. मग रीतीप्रमाणे विचारलं, कोण तुम्ही? नऊ-दहा वर्षांच्या भिवानं सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला.

बाबासाहेबांनी हे १९३५-३६ च्या सुमाराला इंग्रजीत लिहिलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं. पुस्तिका म्हणून ते छापलं गेलं १९९० साली. आज ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकवतात. सगळ्यांची नजर त्या पोरावर जाते आणि ते योग्यच आहे. माझी मात्र त्या खोलीवर अडकली. 'आपल्या खोलीत निघून गेला.' कुठली खोली? कुणाची? त्या खोलीला दारं किती?

हे विचारायला आधी स्टेशन म्हणजे काय ते बघावं लागेल.

मसूर हे पुणे-मिरज मार्गावरचं लहान स्टेशन, रहिमतपूर आणि कऱ्हाड यांच्या मधलं. हा मार्ग बांधला सदर्न मराठा रेल्वे कंपनीनं. कंपनी निघाली १८८२ साली आणि १८९० पर्यंत पुण्याहून मिरज-बेळगावकडं गाड्या धावू लागल्या. रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. का, तर स्वस्त पडतं म्हणून. आणि ही रेल्वे काढली कशासाठी? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनेत आणि खाली मद्रासेपर्यंत लाखो माणसं मेली. एका मुलखात धान्य पडून आणि दुसऱ्या मुलखात माणसं हाडं होऊन पडलेली. १८८० च्या दुष्काळ आयोगानं सांगितलं, कोरडवाहू मुलखात रेल्वे न्या, म्हणजे धान्य वेळेवर पोचेल. त्या हिशेबातली ही रेल्वे. तिला लोक दुष्काळी रेल्वेच म्हणत.

आता गंमत बघा. गंमत कसली, कर्म आपलं. दुष्काळासाठी बांधलेल्या रेल्वेतून पोरं उतरली, दुष्काळी कामावरच्या बापाला भेटायला निघाली. त्यांच्या डब्यात आत्यानं दिलेलं अन्न भरपूर होतं. नव्हतं ते पाणी. रात्रभर अन्न उशाशी आणि घशाला कोरड, अशी ती पोरं बसून राहिली. धान्य कसं पोचवायचं याचा हिशेब आयोगानं केला होता. पाणी कोण कुणाला देणार याचा हिशेब गावानं आपल्याकडं ठेवला होता, आणि त्यात कुठल्याच कंपनीचा इंजिनेर हात घालत नव्हता.

रेल्वे आली तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी पुष्कळ भाकितं केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी ऑगस्टात कार्ल मार्क्सचा लेख न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आला. त्याचा अंदाज असा की रेल्वेतून आधुनिक उद्योग येईल आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती विरघळून जाईल. पन्नासेक वर्षांनी, १९०९ ला, गांधींनी 'हिंद स्वराज'मध्ये उलटं लिहिलं. रेल्वेनं प्लेग पसरला, रेल्वेनं दुष्काळ वाढवला, माणूस आपल्या जागी होता तेच बरं होतं. एकाला रेल्वेतून क्रांती दिसली, दुसऱ्याला पाप. या दोघांच्या मधे, १९०१ साली, एक पोर मसूरच्या फलाटावर तिकीट घेऊन उभं होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

गांधींचं सोडा. ज्याला गाव सोडून पळायचं आहे त्याला गावाचं गोडवं सांगून उपयोग नाही. महारवाड्यातून मुंबईच्या गिरणीत, गोदीत, कारखान्यात जी माणसं गेली ती याच रुळांवरून गेली. महारकीच्या बेड्या काही कायद्यानं आधी तुटल्या नाहीत. वतन रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्याच्या आधी साठ-सत्तर वर्षं जो तो आपापल्या पायानं स्टेशनावर गेला आणि तिकीट काढून निसटला. म्हणून रेल्वेची शिव्याशाप देणारी भाषा माझ्या तोंडी येत नाही.

पण मार्क्सचं काय? इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण आपल्यातले कितीतरी कॉम्रेड दोस्त अजून त्याच गाडीत बसलेले आहेत. त्यांना वाटतं, गाडी सुटली म्हणजे मुक्काम येणारच.

तिकीट ही खरोखरच मोठी चीज होती. आता नुसता कागद येतो किंवा मोबाइलवर अक्षरं येतात, पण ते जुनं पुठ्ठ्याचं तिकीट हातात घेतलेल्यांना आठवत असेल. बोटाएवढं, जाड, कडा कातरलेल्या, वर नंबर. एडमंडसन नावाच्या इंग्रज मास्तरनं काढलेली ती पद्धत जगभर चालली. त्या पुठ्ठ्यावर काय असायचं? कुठून, कुठं, दर्जा, भाडं. जात नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यानं सांगितलं की भाडं भरील त्याला तिकीट द्या. भाडं भरील त्याला! आपल्या मुलखात हजार वर्षांत असं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं. देवळात भाडं भरून आत जाता येत नव्हतं, विहिरीवर पैसे टाकून पोहरा सोडता येत नव्हता. हिच्या खिडकीत दोन आणे टाकले की आतला हात, मग तो कुठल्याही जातीचा असो, पुठ्ठा बाहेर सरकवायचा. दर्जा होता, नाही असं नाही. तिसऱ्या दर्जाची माणसं मेंढरांसारखी कोंबत, आणि तो दर्जा जायला १९७४ साल उजाडलं. पण दर्जा पैशाचा होता. पैसा आज नाही तर उद्या मिळवता येतो. जात मिळवता येत नाही आणि टाकताही येत नाही.

मग पोराच्या हातात तिकीट असून मसूरला काय झालं?

तिकिटाला हद्द असते. ती मसूर स्टेशनापर्यंत होती. गाडीतून उतरून फलाट ओलांडला, तिकीट मास्तरच्या हातात दिलं की पुठ्ठ्याचा अंमल संपला. पुढं बैलगाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर गावाचा अंमल. कुठल्याही लहान स्टेशनाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला गावाकडं जाणारा रस्ता, आणि मधे ही इमारत. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, फलाटाच्या बाजूला पडवी. मधोमध मास्तरची कचेरी. तिच्या एका बाजूला तिन्ही अंगांनी उघडा मुसाफिरखाना, त्याच्या भिंतीत तिकिटाची खिडकी, इतकी ठेंगणी की माणसाला वाकल्याशिवाय पैसे देता येऊ नयेत. बाहेर टांग्यांची, गाड्यांची जागा, एखादं कडुलिंबाचं नाहीतर चिंचेचं झाड. स्टेशन बहुतेक गावापासून लांब, रानात. आपला वाडाही गावाबाहेर, हेही गावाबाहेर. पण वाड्याकडं गाव जात नव्हतं, इकडं गाव रोज येत होतं, आणि येताना आपली चालरीत बरोबर आणत होतं.

पाण्याचंच बघा. रेल्वेनं पाण्याची सोय केली ती कशी? हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी. स्टेशनांवर दोन वेगळे पाणके, दोन वेगळी भांडी, आणि मोठ्या स्टेशनांवर खाण्याच्या खोल्याही वेगळ्या. हिंदूंचा पाणक्या वरच्या जातीचा ठेवत, म्हणजे सगळ्यांना चालावा. कंपनी इंग्रजांची, हिशेब व्यापाऱ्याचा. तिनं मनात म्हटलं, तुमची जात तुम्ही सांभाळा, आमची गाडी वेळेवर सुटू दे. दोन भांडी मांडली. तिसरं मांडलं नाही. तिसऱ्यानं ओंजळ धरून लांब उभं राहायचं आणि पाणक्याला दया आली तर वरून धार. पुठ्ठ्यावर जात छापली नव्हती खरी, पण ती रांजणावर लिहिलेली होती. स्वातंत्र्य आल्यावर त्या पाट्या उतरल्या. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, घाट, रस्ते यांची नावं घालावी लागली ती काही उगाच नव्हे.

आता मास्तरकडं येतो.

अर्ध्या तासानं तो खोलीतून बाहेर आला. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवा. न येता तरी कोण त्याला विचारणार होतं? त्यानं पोरांना विचारलं, पुढं काय करणार? भाड्यानं बैलगाडी मिळाली तर लगेच निघू, असं पोरं म्हणाली. गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी नाही. पैशानं जात हटत नाही, हे अर्थशास्त्र तिथं बाबासाहेबांना दहाव्या वर्षी समजलं. कोलंबियाला जायच्या किती आधी! मग मास्तरच्या डोक्यात युक्ती आली. पोरांना विचारलं, तुम्हाला गाडी हाकता येते का? पोरं ओरडली, येते! झालं. तोडगा निघाला. पोरांनी दुप्पट भाडं द्यायचं, पोरांनीच बैल हाकायचे, आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. साडेसहाच्या सुमाराला गाडी जुंपली.

हा तोडगा नीट बघा. मला तर वाटतं, या देशाच्या सगळ्या सामाजिक सुधारणांचं ते लहान चित्र आहे. पोरं घरी जाणार, गाडीवानाचं सोवळं शाबूत, त्याला पैसेही दुप्पट, मास्तरच्या मनावरचं ओझं उतरलं, स्टेशन मोकळं झालं. सगळ्यांचं भलं. आणि याची किंमत कुणी मोजली? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी. रोख, आगाऊ, दामदुप्पट, वर गाडी हाकायची मजुरी फुकट.

त्या मुलीला मी हे सांगेन. मास्तरनं मदत केली, कबूल. पण त्यानं रूढीला हात न लावता मदत केली आणि बिल पोरांच्या नावे फाडलं. अशी मदत करणारी माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. ती आपल्याला जन्मभर भेटतात. खोली देतात पण मागच्या दारानं या म्हणतात. आपण त्यांचे आभार मानतो, कारण रात्र पडत आलेली असते आणि आपल्याला पुढं जायचं असतं. पोरांनी काय करायला पाहिजे होतं? फलाटावर सत्याग्रह? नऊ-दहा वर्षांची लेकरं. त्यांनी तोडगा घेतला हे बरोबरच केलं. ज्याला जायचंय त्यानं गाडी घ्यावी. पण गाडी घेतली म्हणून हिशेब चुकता झाला, असं मात्र समजू नये.

आणि दुसऱ्याला, त्या उसळलेल्या पोराला, मी म्हणेन, मास्तर वाईट होता हे ठरवून तुझ्या हाती काय लागलं? त्याच्या जागी दुसरा असता तर बाहेर आलाच नसता, नाहीतर तिसरा लगेच आला असता. म्हणजे पोरांचं नशीब त्या एका माणसाच्या काळजावर टांगलेलं. प्रश्न त्याचं काळीज कसं होतं हा नाही. मास्तरच्या हुद्द्यात त्याच्या काळजासाठी इतकी जागा मोकळी सोडली कुणी, हा आहे.

माझ्या लहानपणी मी एक गोष्ट रोज बघायचो. एकेरी मार्ग, म्हणून ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनापर्यंतचा परवाना म्हणून लोखंडी गोळा द्यायचे. यंत्रातून निघालेला गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी आली की फलाटावरचा माणूस कडं उंच धरायचा आणि धावत्या इंजिनातला माणूस त्यात हात घालून ते उचलायचा, त्याच झटक्यात मागचं कडं खाली टाकायचा. कडं धरणारा कोण, उचलणारा कोण, कुणी विचारत नव्हतं. विचारायला सवडच नव्हती. गोळा नाही तर गाडी पुढं नाही. गाड्या समोरासमोर आल्या तर माणसं मरतात, तिथं शिवाशिव परवडत नाही. जिथं नेम कडक आहे आणि मोडला तर मास्तरची नोकरी जाते, तिथं जात गुमान बाजूला उभी राहते. आणि जिथं नेम सैल, तिथं लगेच येऊन बसते. फलाटावर अडकलेल्या लेकरांचं काय करायचं याबद्दल नेम नव्हता.

पण नेमाचंही एवढं कौतुक नको. इथं मी त्या खोलीच्या दुसऱ्या दाराकडं येतो.

लहान स्टेशनाची कचेरी आणि मास्तरचं घर यांत अंतर फार नसायचं. मास्तरला रात्रीअपरात्री उठून गाडी घ्यावी लागे, म्हणून त्याचं क्वार्टर अगदी लगत. पलीकडं पोर्टर-पॉइंट्समनच्या खोल्या. आणि गँगची घरं आणखी लांब, रुळाच्या कडेनं. कुणाचा हुद्दा काय ते चालत गेलं की पायाला समजायचं. कचेरीतून एक दार फलाटावर, सरकारी. आणि एक वाट मागं, मास्तरच्या अंगणात, त्याच्या चुलीकडं. कागदावर ती दोन जगं. पायाखाली पंचवीस पावलं.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं त्यांनी म्हटलं ते याच परिषदेत, आणि तेवढंच आपण भाषणांत वापरतो. पण त्याच भाषणात त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली, ती कुणी सांगत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा सहसा करत नाहीत. का? कारण पोर्टरला मास्तरच्या घरची कामं करावी लागतात, आणि मास्तर असतो सवर्ण, त्याला अस्पृश्य घरात चालत नाही.

बघा आता. पोर्टरच्या नेमणुकीत जातीची अट नाही. मास्तरच्या घरचं पाणी भर, असंही कुठल्या नेमात नाही. दोन्ही बाजूंनी कागद स्वच्छ. पण कचेरीची वाट मास्तरच्या चुलीवरून जाते आणि चुलीवर आपण चालत नाही, म्हणून कचेरीतही चालत नाही. ज्या महारानं पिढ्यान्‌पिढ्या सरकारी अंमलदाराचं ओझं फुकट वाहिलं, घोड्यापुढं धावत वाट दाखवली, त्याला पगार घेऊन, बिल्ला लावून ओझं वाहायची मात्र बंदी. ओझ्याला विटाळ नव्हता. बिल्ल्याला होता.

मार्क्सचा अंदाज इथं चुकला असं मला वाटतं. जुने धंदे मोडतील हे त्याचं खरं झालं. महाराला गावकीची कामं सोडता आली. पण नवा धंदा आला तो जुन्या उतरंडीवरच मांडला गेला. वर मास्तर, मधे पॉइंट्समन, खाली गँग. लोखंड विलायतेचं, वाफ विलायतेची, आणि उतरंड इथली. बाबासाहेब जे सांगत होते की जात नुसती कामं वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच फाळणी करते, ते समजून घ्यायला लहानसं स्टेशन पुरेसं आहे.

माझ्या बापाचं सांगतो. स्टेशनाचं नाव सांगत नाही, नावानं काही होत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घटना येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली, मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलेली. पोर्टर आजारी पडला म्हणून पंधरा दिवस बापाला स्टेशनावर लावलं. बापानं सदरा धुऊन घेतला. कंदील पुसले, घंटा दिली, गाडीला हिरवा बावटा दाखवला. आईनं आम्हाला लांबून नेऊन दाखवलं, ते बघा तुमचे दादा. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी आतून हाक मारली, पाण्याचे हंडे भरायला. बाप अंगणापर्यंत गेला. कुणी त्याला रागावलं नाही, शिवी दिली नाही, लांब हो म्हटलं नाही. मास्तर स्वतः बाहेर आला, हसला आणि म्हणाला, "राहू द्या हो, तुम्ही कशाला?" चौथ्या दिवशी बाप परत गँगमध्ये. शेरा काय, तर लाइनवर माणूस कमी आहे. बाप म्हणायचा, त्या 'तुम्ही'चा मला राग आला. तोवर मास्तर त्याला 'अरे' म्हणत होता.

मी पुष्कळ वर्षं विचार केला की त्या 'तुम्ही'त काय होतं. शिष्टाचार होता. सभ्यपणा होता. कायद्याच्या कचाट्यात सापडेल असं एक अक्षर नव्हतं. आणि दार बंद झालं होतं.

तर मित्रांनो, आज आपण फलाटावर आहोत. आपली माणसं मास्तर झाली, ड्रायव्हर झाली, साहेब झाली. राखीव जागांनी ते केलं, कुणाच्या काळजानं नव्हे. पाण्याच्या नळावर आज पाटी नाही. त्याच पुणे-मिरज मार्गावर आता वर विजेच्या तारा आहेत. पण ज्या स्टेशनावर उतराल तिथं झाडू कुणाच्या हातात आहे ते एकदा बघा. डब्यांतून रुळांवर पडणारी घाण उचलायला आपलीच माणसं होती. मैला उचलण्याची बंदी करणारे कायदे १९९३ ला आले, २०१३ ला आले. डब्यांना नवे संडास बसले. पण सफाई गेली ठेकेदाराकडं. ठेकेदार म्हणजे कचेरीचं नवं मागचं दार. तिथं जाहिरात नाही, परीक्षा नाही, राखीव जागा नाही, आणि तरी झाडू बरोबर त्याच वस्तीत पोचतो. जातीची अट कुठल्या कागदावर आहे, असं त्यांना विचारा. कागद स्वच्छ निघेल.

बाबासाहेब बॅरिस्टर झाल्यावर, १९२९ साली, सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून चाळीसगावला उतरले. तेच. फलाटावर तासभर खोळंबा. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. टांगा द्यायला तयार होता. मग आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवलं. त्याला हाकायची सवय नव्हती, नदीवरच्या पुलाशी घोडा उधळला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. मसूरपासून चाळीसगावपर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली, मधे न्यूयॉर्क झालं, लंडन झालं, आणि तोडगा मात्र तोच राहिला. वाहन आमचं, भाडं तुमचं, लगाम तुमच्या हातात, हाडंही तुमचीच मोडोत. चाळीसगावात तर स्टेशनमास्तर मधे नव्हताच. त्याची गरज उरली नव्हती, युक्ती सगळ्यांना पाठ झाली होती.

मास्तरवर इतकं लिहिलं, पण त्या मसूरच्या गाडीवानाबद्दल मंडळात कुणी चकार शब्द काढला नाही. त्यानंच पुढं वाटेत पोरांना सांगितलं, नाक्यावरचा माणूस हिंदू आहे, महार म्हणाल तर पाणी मिळणार नाही, मुसलमान आहोत म्हणून बघा. पोरानं उर्दूत बोलून बघितलं, तरी पाणी मिळालं नाही ते नाहीच. पण गाडीवानानं वाट सुचवली होती. त्याच्या आधीची गोष्ट आणखी विचित्र आहे. स्टेशन सोडताना ठरल्याप्रमाणे पोरं गाडी हाकत होती आणि तो पायी चालत होता. मधे नदीशी थांबून तो गावात जेवून आला. मग चार-पाच मैल तसाच चालला. स्टेशन मागं राहिलं, गाड्यांचा अड्डा मागं राहिला, ओळखीचे डोळे मागं राहिले. आणि एकाएकी तो उडी मारून गाडीत चढला, पोरांच्या हातातून कासरा घेतला आणि त्यांच्याशेजारी बसून हाकू लागला. पोरं चपापली. विटाळ होईल म्हणून दुप्पट पैसे घेऊनही पायी चालणारा माणूस अंगाला अंग लावून बसला होता. का बसलास, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. तोही काही बोलला नाही. थोड्या वेळानं अंधार पडला आणि गाडी चालत राहिली.